घरच्या मैदानाचा फायदा गेला कुठे?

बोस्टन

ती. बाबा,
सा. न.

परवा फोनवर बास्केटबॉलचा विषय निघाला आणि तुम्ही विचारलंत, "तुमचे सेल्टिक्स घरच्या मैदानावर एवढे सामने हरतात कसे?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हे एकट्या बोस्टनच्या सेल्टिक्सचं नाही. १९८०च्या दशकात एनबीएत, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगमध्ये, घरचा संघ शंभरातले ६५च्या आसपास सामने जिंकायचा. हल्ली ५५च्या आसपास जिंकतो. आणि १९८५-८६मध्ये याच सेल्टिक्सने घरी ४० जिंकून फक्त एक सामना गमावला होता!

इथले जुने लोक म्हणतात, तिकिटं महाग झाली, प्रेक्षकांत पूर्वीची धग राहिली नाही. मला ते पटत नाही. कोविडमुळे २०२०-२१चा बराचसा हंगाम रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला आणि घरच्या विजयांचं प्रमाण ५४ टक्क्यांपर्यंत उतरलं. पुढच्या वर्षी स्टेडियमं भरली, तरी ते जवळपास तिथेच राहिलं. म्हणजे नुसत्या आरड्याओरड्यावर हे चालत नाही.

खरा बदल पाहुण्या संघाच्या वाट्याला आलाय. पूर्वी हे सात-सात फुटी खेळाडू रात्री सामना संपवून पहाटे उठायचे आणि साध्या प्रवासी विमानाने पुढच्या गावी जाऊन त्याच संध्याकाळी पुन्हा खेळायचे. तुम्ही रात्रभर एसटीने कोल्हापूरला जाऊन सकाळी कोर्टवर उतरायचात, त्या अंगदुखीची तुम्हाला वेगळी ओळख करून द्यायला नको. १९८७मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने स्वतःचं विमान घेतलं, आणि हळूहळू सगळेच संघ चार्टर विमानांनी फिरू लागले. २०१७-१८पासून पाच रात्रींत चार सामने लावणंही बंद झालं. झोप आणि आहार सांभाळायला आता संघासोबत माणसं असतात. शिवाय सेल्टिक्सचं घरचं मैदान, जुनं बोस्टन गार्डन! तिथे एसीच नव्हता. १९८४च्या फायनलमधल्या पाचव्या सामन्यात आतलं तापमान ३६ अंशांच्या पुढे गेलं आणि पाहुण्या लेकर्स संघाच्या करीम अब्दुल-जब्बारला बाकावर बसून ऑक्सिजन घ्यावा लागला. ती इमारत १९९५मध्ये बंद झाली. नवं गार्डन दोन्ही संघांना सारखंच गार.

आता तुमच्या जिव्हाळ्याचा विषय, पंच. मागे मी सामन्याला गेले होते. शेवटची काही मिनिटं उरलेली, पाहुण्यांवर फाउल दिला गेला. त्यांच्या कोचने टाइम-आउट मागून बोट गोल फिरवलं, म्हणजे चॅलेंज, निर्णय पुन्हा तपासायची मागणी. पंच टेबलापाशी गेले, कानाला हेडसेट लावला, पडद्यावर तोच क्षण पुन्हा पुन्हा पाहिला. एकोणीस हजार माणसं त्यांच्या पाठीमागे ओरडत होती, आणि त्यांनी निर्णय फिरवला! मला त्या पंचांचं फार कौतुक वाटलं. कोचला हा हक्क २०१९-२०मध्ये मिळाला. २०१५पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय बरोबर की चूक, हे लीग दुसऱ्या दिवशी जाहीर करते.

खेळही लांबून होऊ लागलाय. थ्री-पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, ती १९७९-८०मध्ये आली तेव्हा एक संघ सामन्यात तिथून तीनसुद्धा शॉट मारत नव्हता, आता ३५च्या वर मारतो. बास्केटखालची धक्काबुक्की कमी झाली की पंचांच्या संशयाच्या शिट्ट्याही कमी होणार, आणि त्यातून घरच्या संघाला मिळणारा फायदाही, असं मला वाटतं.

डेन्व्हरला गेलेल्या पाहुण्या संघांना मात्र अजून धाप लागते. समुद्रसपाटीपासून १६०० मीटर, तिथे चार्टर विमान काय करणार!

तुम्ही डेक्कन जिमखान्यावर पंच असताना ना रिप्ले होता ना हेडसेट. शेवटच्या मिनिटाला घरच्या संघाविरुद्ध फाउल देताना कधी शिट्टी तोंडाशीच अडली का? खरं खरं कळवा. आणि आईच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, तेही लिहा.

तुमची,
मुग्धा