पोहण्याचा गॉगल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात दोन गोष्टी सांगितल्यास. शेजारच्या खोलीतली दोन मुलं गांजा ओढतात, "पण बाबा, मी नाही हं, उगाच डोक्याला लावून घेऊ नका." आणि पोहायला जाणं बंद झालंय, वेळच मिळत नाही. पहिल्या गोष्टीने तुझी आई रात्रभर जागी राहिली. मी दुसरीने.

तुझ्यावर विश्वास नाही असं समजू नकोस. माझ्या वडिलांचाही माझ्यावर पूर्ण विश्वास होता आणि मी 17 वर्षं सिगारेट ओढली. पहिल्यांदा सोडली तेव्हा नुसता निर्धार केला, तो नऊ दिवस टिकला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम दिलं आणि सांगितलं, तल्लफ आली की बसून राहू नका, दहा मिनिटं झपझप चाला. मला हसूच आलं. पण तल्लफ अशी असते की चढते, चढते आणि काही मिनिटांत आपसूक ओसरते. आपल्याला मात्र त्या वेळी वाटत असतं की ओढल्याशिवाय ही जाणारच नाही. ऑफिसचा जिना मी दिवसातून इतक्यांदा उतरायचो-चढायचो की शिपायाने एकदा विचारलं, साहेब, काही हरवलंय का? सिगारेट सुटली ती एकट्या चालण्याने असं म्हणणार नाही. औषध होतं, तुझी आई होती. व्यायामाने सिगारेट कायमची सुटते हे अभ्यासांतूनही नीट सिद्ध झालेलं नाही. पण ती दहा-दहा मिनिटं मी पायांच्याच जोरावर काढली.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. आपण भुकेलेले असताना जेवलो, कुणी शाबासकी दिली, की मेंदूत खोलवर डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि मेंदू नोंद करतो, हे पुन्हा करायचं. निकोटिन, दारू, गांजा, कोकेन यांचे रस्ते वेगवेगळे, पण पोचतात सगळे याच ठिकाणी, आणि येताना दार वाजवत नाहीत, फोडून आत शिरतात. कोकेनसारख्या नशेचा मारा सतत होत राहिला की डोपामिन टिपणारे मेंदूच्या पेशींवरचे काही रिसेप्टर कमी होतात. मग साध्या गोष्टींत राम राहत नाही.

व्यायामही याच यंत्रणेला हात घालतो, पण बेताने. पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं की उंदीर कोकेन मिळवून देणारी कळ कमी वेळा दाबतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. माणसांवरचा एक लहानसा प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. मेथॲम्फेटामिन या अमली पदार्थाच्या व्यसनावर उपचार घेणारे जेमतेम 19 जण. त्यातल्या काहींना आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम दिला. त्यांच्या मेंदूतले ते रिसेप्टर सावरताना दिसले, व्यायाम न करणाऱ्यांचे तसे सावरले नाहीत. 19 जणांवरून जग जिंकता येत नाही, मान्य. तरी मला तो प्रयोग आवडतो.

आणि वेळेचा भाग वेगळाच. आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं मागच्या महिन्यात कधी तरी दारूने झिंगलेली होती. 2016 पर्यंत हा आकडा 5 टक्क्यांवर आला. त्यांनी मुलांच्या संध्याकाळी खेळांनी आणि छंदांनी भरल्या. शिवाय आईबापांना घरी जास्त वेळ द्यायला लावलं, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधनं घातली. श्रेय एकट्या खेळाला देता येत नाही. पण तुझ्या शेजारच्या मुलांचं मला असंच काहीसं वाटतं बघ. वाईट नसतील ती. संध्याकाळी सहा ते आठ हातात काही नसेल आणि कुणी हाक मारली असेल, एवढंच.

आता मैदानाचे गोडवे गाऊन झाल्यावर एक कबुलीही देतो, आईला माहीत आहे. माझ्या आयुष्यातला दारूचा पहिला घोट मी व्हॉलीबॉलचा सामना जिंकल्यावर घेतला, संघातल्याच मोठ्या मुलांच्या हातून. संघात खेळणारी मुलं दारू थोडी जास्तच पितात असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय, इतर नशा मात्र कमी करतात. तेव्हा कुणाबरोबर खेळतोस ते बघ. जिममध्ये कुणी झटपट दंड फुगवायचं इंजेक्शन सुचवलं तर तिथून निघ. दुखापत झाली तर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यात तेवढेच दिवस घे.

वेळ नाही म्हणतोस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. परीक्षेच्या दिवसांत तर तो आधी धर. नको तो विचार तेव्हाच जास्त येतो, आणि 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. तुझा तर अजून कच्चा आहे, रागावू नकोस.

त्या मुलांना उपदेश करायला जाऊ नकोस. जमलं तर एखाद्याला तलावावर घेऊन जा. कुणी खरोखर अडकलेला दिसला तर त्याला तलाव पुरणार नाही, डॉक्टर लागेल. आणि तू कधी एखादा झुरका घेतलासच तर मला सांग. मी ओरडेन, पण फोन ठेवणार नाही.

तुझा निळा गॉगल कपाटाच्या खालच्या खणात सापडला. पट्टा पार सैल झालाय, नवा बसवून पाठवतोय. तिथला तलाव सकाळी किती वाजता उघडतो ते कळव.

तुझा,
बाबा