पैसे भरलेत, आता दारे उघडा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

विषय : ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेतील संशोधन नियतकालिके जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील तालुका वाचनालयांत उपलब्ध करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली : संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्रित भरायची आणि संस्थांनी ती ऑनलाइन वाचायची. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके. म्हणजे मोठी रक्कम आधीच मोजून झाली आहे. त्यामुळे आम्ही नवी योजना मागत नाही. मोजलेल्या पैशांचा माल रावेर, शिरपूर, धडगावला का उतरत नाही आणि तो उतरवायला काय लागेल, एवढेच सांगायचे आहे.

योजनेचा पहिला टप्पा केंद्र किंवा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांचा आणि केंद्राच्या संशोधन संस्थांचा. पुढच्या टप्प्यात खासगी संस्था, आणि तिसऱ्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांतल्या ठरावीक केंद्रांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश. आता ही चाळणी खान्देशाला लावून पाहा. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आत येते, तिन्ही जिल्ह्यांची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येतात, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येते. पण आमच्याकडची बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत. प्राध्यापकांचा पगार शासन करते, व्यवस्थापन संस्थेचे. ‘शासनाच्या व्यवस्थापनाखालील’ या अटीवर ती अडतात. अनुदानित महाविद्यालये शासकीयच धरावीत, ही मागणी राज्याने दिल्लीत मांडायला हवी. प्राचार्यांनी एकेकट्याने अर्ज करून हे होणार नाही.

तोवर या महाविद्यालयांना आधार आहे तो एन-लिस्टचा, म्हणजे इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रामार्फत महाविद्यालयांना मिळणाऱ्या ई-पुस्तके व ई-नियतकालिकांच्या सेवेचा. अनुदानित महाविद्यालयाला त्याची वार्षिक वर्गणी जीएसटीसह ५,९०० रुपये पडत आली आहे, म्हणजे चार-पाच जाड संदर्भग्रंथांची किंमत. तरीही वापर कमी असतो, आणि ‘मुले वाचत नाहीत’ हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नाही. एन-लिस्टवर ग्रंथपालाने विद्यार्थ्यांची यादी चढवायची, मग प्रत्येकाच्या ई-मेलवर वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड जातो. प्रथम वर्षाच्या बऱ्याच मुलांचा ई-मेल प्रवेशाच्या गर्दीत नेट कॅफेवाल्याने उघडून दिलेला असतो. त्याचा पासवर्ड मुलाला ठाऊक नसतो, कॅफेवाल्याला आठवत नसतो. पत्र जाते आणि तिथेच पडून राहते. उपाय फुकटचा आहे. ग्रंथालयाचे कार्ड देताना खिडकीपाशीच मुलाकडून त्याचा ई-मेल उघडून घ्यायचा, चाचणीचे एक पत्र पाठवायचे, ते दिसले की मगच नाव यादीत घालायचे. पण हे करायला ग्रंथपाल लागतो. निवृत्त ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही आणि त्याचा कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त’ म्हणून असतो, तिथे पहिल्या सत्रात यादीच चढत नाही.

दुसरा अडथळा तांत्रिक आहे, आणि मंत्रालयात तो कुणी समजावून सांगत नसावे अशी आम्हाला शंका आहे. प्रकाशक वाचकाला दोन प्रकारे ओळखतो : संस्थेच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीला मिळणारा क्रमांक), नाहीतर वैयक्तिक लॉगिनवरून. साध्या ब्रॉडबँडचा पत्ता कायम नसतो. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलतो. शिवाय अनेक सेवादाते एकच पत्ता शेकडो ग्राहकांमध्ये वाटतात, तो प्रकाशकाकडे नोंदवताच येत नाही. मग सकाळी उघडलेला लेख दुपारी तीस-चाळीस डॉलर मागतो आणि वाचक समजतो की योजना बंद पडली. यासाठी वेगाची गरज नाही. संशोधनलेखाची पीडीएफ साधारण एक ते तीन एमबीची असते, चार संगणकांना २० एमबीपीएस पुष्कळ झाले. गरज आहे ती स्थिर आयपी पत्त्याची. निविदा काढताना ‘१०० एमबीपीएस’ लिहितात आणि ‘स्टॅटिक आयपी’ हे दोन शब्द गाळतात. तिथेच सगळे फसते.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. कोणी एका बैठकीत अख्खे अंकच्या अंक उतरवू लागला, किंवा डाउनलोडचे सॉफ्टवेअर लावले, की प्रकाशकाची यंत्रणा तो पत्ताच अडवते आणि एकामुळे सगळे केंद्र बंद होते. प्रत्येक संगणकाची वापरवही ठेवली, नाव आणि वेळ लिहून घेतली, तर कोण होता ते कळते आणि प्रकाशकाला उत्तर देता येते.

आता मुख्य मागणी. तिसरा टप्पा जाहीर होईपर्यंत थांबू नये. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६ असे खान्देशाचे २५ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातले एक मान्यताप्राप्त वाचनालय आताच निवडून तयार ठेवावे. सामान फार नाही. चार संगणक, एक प्रिंटर-स्कॅनर, स्थिर पत्त्याची फायबर जोडणी, इन्व्हर्टर. संगणक मात्र छोटे ‘मिनी पीसी’ घ्यावेत. मॉनिटर धरून एक साधारण ६० वॉट खातो, चारांचे २४० आणि राउटरचे वीसेक वॉट. १५० एएचच्या एका ट्युब्युलर बॅटरीवर हे साडेतीन-चार तास चालते. नेहमीचे मोठे डेस्कटॉप लावले तर तीच बॅटरी त्याच्या निम्म्या वेळातच मान टाकते. अक्राणी-अक्कलकुव्यातले भारनियमन आपण जाणताच, हा फरक तिथे केंद्र चालण्या-न चालण्याचा आहे. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांवर जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. डिस्टिल्ड वॉटर उन्हाळ्यात दर महिन्याला पाहावे लागते, ते काम कोणाचे हे आधीच लिहून ठेवावे. नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात चारही पडदे काळे.

भारतनेटची, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे म्हणून तिच्यावरच भिस्त ठेवू, असे सुचवले जाते. जिथे ती चालू आहे तिथे जरूर घ्या. पण जोडणीची पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर ती वाचनालयाच्या कामाची नाही.

परवान्याचा मुद्दाही आधीच मिटवावा. प्रकाशकांच्या करारांत बहुधा ‘वॉक-इन’ वाचकाची तरतूद असते : इमारतीत येऊन बसलेला, संस्थेचा सदस्य नसलेला माणूस तिथल्या संगणकावर वाचू शकतो, घरून नाही. आमच्या वाचनालयांना ती लागू आहे का, हे राज्याने केंद्राकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘हो’वर चालणारा ग्रंथपाल पहिल्या तक्रारीत एकटा पडतो.

हे वाचणार कोण, असे विचारले जाईल. रावेर-यावलच्या केळीवर कुकुंबर मोझॅक व्हायरस आला की शेतकरी औषध दुकानात जातो आणि बुरशीनाशक घेऊन येतो. विषाणूवर ते चालत नाही. रोग मावा ही कीड पसरवते आणि लागणीचे कंदही, म्हणून रोगट झाड मुळासकट काढणे आणि निरोगी रोपे लावणे हाच उपाय. यावरचे नवे लेख वनस्पतीरोगशास्त्राच्या नियतकालिकांत असतात. ते शेतकऱ्याने इंग्रजीतून वाचावेत असे आम्ही म्हणत नाही. पण तालुक्याचा कृषी पदवीधर, रोपवाटिकावाला, कृषी सहायक वाचेल. तसाच सातपुड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर. त्याच्यासमोर सिकलसेलचे रुग्ण रोजचे आहेत, वैद्यकीय महाविद्यालयाचे लॉगिन त्याच्याकडे नाही. ऑगस्ट २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब हे सशुल्क लेख विनापरवाना फुकट देणारे संकेतस्थळ अडवण्याचे आदेश दिल्यापासून चोरवाटही अवघड झाली आहे. चोरवाटेचे समर्थन नाही, पण तिच्यावर किती जण अवलंबून होते हे खात्याने समजून घ्यावे.

आणखी एक काम, ज्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या संकेतस्थळावर देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध मोफत आहेत. अहिराणी, तावडी, पावरी बोलींवरचे किंवा खान्देशच्या इतिहासावरचे जुने मराठी प्रबंध शोधायला गेलात तर शीर्षकाने सापडतात, आतल्या शब्दाने सापडत नाहीत. कारण ते युनिकोड ही सर्वमान्य अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. पडद्यावर अक्षर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. मजकूर कॉपी करून पाहिला की लगेच उघडे पडते. मूळ टंकलेली फाइल मिळाली तर फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोड करून जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे, कारण चुका तिथेच होतात. फाइल नसेल तर छापील प्रत ३०० डीपीआयला स्कॅन करून मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) चालवावे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आपल्या प्रबंधांपासून सुरुवात करावी, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांच्या जुन्या संग्रहांना त्याच कामात निधी द्यावा. नवे प्रबंध स्वीकारताना युनिकोड सक्तीचे करणारे एक परिपत्रक तर उद्याही निघू शकते.

राहिला पैसा. सार्वजनिक वाचनालयांचे अनुदान १९७०च्या नियमांवर चालते आणि वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथ, नियतकालिके, वाचक यांच्या संख्येवर. स्थिर पत्त्याचे बिल, बॅटरी, प्रिंटरची शाई यांना वेतनेतर खर्चात स्पष्ट शीर्ष नाही, म्हणून लेखापरीक्षणाच्या भीतीने सचिव तो खर्च टाळतात. नियमांत ‘डिजिटल सेवा’ असे शीर्ष घालावे आणि वर्ग ठरवताना या केंद्राचा वापर मोजावा. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून सामान घेता येईल, पण महिन्याचे बिल राज्यालाच भरावे लागेल. अनुदानाचा हप्ता मार्चअखेर आला तर जोडणी डिसेंबरातच कापली जाते. हे बिल ग्रंथालय संचालनालयाने तिन्ही जिल्ह्यांचे एकत्र, थेट सेवादात्याला द्यावे.

योजनेचा सध्याचा निधी २०२७ अखेरपर्यंतचा आहे. २५ वाचनालयांची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून महिनाभरात मागवता येईल. प्रत्येक नावापुढे त्यांनी तीन गोष्टी लिहाव्यात : वाचनालय रोज किती तास उघडे असते, फायबर दारापर्यंत आहे का, आणि पगारी ग्रंथपाल आहे का.

आपले,
खान्देशातील काही ग्रंथपाल

प्रत माहितीसाठी :
ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य
जिल्हा ग्रंथालय अधिकारी, जळगाव, धुळे, नंदुरबार