कुंद्याच्या डब्यातल्या गुंड्या

चि. बाळास,

आईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेलात आणि त्याच रात्री पावसानं पुन्हा जोर धरला. भात पोटरीला आलंय. परवा गव्यांनी खालचं वावर तुडवलं, म्हणून तुझे अण्णा राखणीला माळ्यावर गेलेत. घरात मी आणि कंदील. हे फोनवर बोलले असते, पण आमच्या खानापूरच्या पावसात रेंज कधी जाईल त्याचा नेम नाही. शिवाय तुझ्या फोनजवळ दोन्ही पोरं कान लावून असतात. हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची आरती आठव. सोपा माणसांनी भरला होता. थोरली टाळ घेऊन सगळ्यांच्या पुढं, आवाज खणखणीत, एक कडवं चुकली नाही. धाकटा भाताच्या कणगीमागं. शेजारच्या अक्कांनी मायेनंच हात धरला, "ये की रे बाळा, गा की," तसा तो आणखी आत सरकला. तेव्हा थोरली म्हणाली, "तो भित्रा आहे. त्याला काहीच येत नाही." सगळे हसले. तूही हसलास आणि म्हणालास, "माझ्यावर गेलाय."

मी तेव्हा प्रसाद वाटत होते, काही बोलले नाही. पण ते वाक्य मला रात्रभर झोपू देईना. कारण ते तुझं नाही, माझं आहे. तुझ्या लहानपणी दारात पाहुणा आला की मीच म्हणायची, "ताई बोलकी, हा आमचा घुम्या." रोज म्हणायची. तू पाच वर्षांचा असताना स्नेहसंमेलनात तुझं नाव मीच घातलं, स्टेजवर मीच ढकललं. तू दिव्यांकडं बघत उभा राहिलास, तोंडातून शब्द फुटला नाही, आणि त्या रात्री तुला ताप भरला. मी मात्र उशाशी बसून म्हणत होते, "सगळी मुलं करतात, तुलाच काय होतं?" तीस वर्षं झाली. बाळा, माझं चुकलं. ते मी तुला आजवर कधी सांगितलं नाही.

त्या स्नेहसंमेलनानंतरच्या आठवड्यात तुझे अण्णा तुला सायकलवरून कुंभारवाड्यात घेऊन जायला लागले. खानापूरची माती चांगली. कौलं, माठ, घट सगळं तिथं होत आलेलं. तू चाकासमोर बसायचास आणि नुसता बघायचास. पहिला दिवस, दुसरा दिवस, आठवडा. कुंभारमामांनी तुला एकदाही "कर की" म्हटलं नाही. एके दिवशी तू आपणहून हात पुढं केलास, "मला माती द्या." घरी आणलेली ती वाकडी पणती अजून देवळीत आहे. अण्णांना जे कळलं होतं, ते मला अंगणवाडीत कितीतरी पोरं सांभाळल्यावर कळलं.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची लेकरं एका खोलीत. काही घरी मराठी बोलणारी, काही कन्नड. पहिल्या दिवशी कुणी दारातूनच ओरडत आत येतं, कुणी आईचा पदर सोडत नाही, कुणी तासभर खांबाला टेकून उभं राहतं. सुरुवातीला मी खांबाजवळच्याला ओढून मध्ये बसवायची. नंतर खांबाजवळच एक चटई टाकून ठेवली. उप्पिटाची ताटली तिथंच द्यायची. चार-आठ दिवसांत चटई आपोआप रिकामी व्हायची. कन्नड आया दारात मुलाला म्हणायच्या, "सावकाश." आपल्या आयाही तेच म्हणायच्या. दोन्ही भाषांत हा शब्द एकच आहे, हे माझ्या ध्यानात यायला किती वर्षं लागली!

तू म्हणशील, थोरली सहाची आहे, तिला हे कसं समजवायचं? समजवता येतं, पण आधी लेकरांच्या डोक्यात काय चालतं ते बघायला हवं. मी एक खेळ करायची. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, रिकामा डबा घ्यायचा, आत शिवणाच्या गुंड्या भरायच्या. पोराला विचारायचं, आत काय? ते म्हणणार, कुंदा. मग उघडून दाखवायचं. पुन्हा झाकण लावून विचारायचं, "आता बाहेरून तुझी मैत्रीण येईल. तिनं अजून डबा उघडलेला नाही. ती काय म्हणेल?" तीन वर्षांची बहुतेक पोरं सांगतात, "गुंड्या." आपल्याला जे ठाऊक ते सगळ्या जगाला ठाऊक, असंच त्यांना वाटतं. चार-पाचाच्या सुमाराला पोर क्षणभर थांबतं आणि म्हणतं, "ती कुंदा म्हणेल." दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असतं, ही समज त्या वयात उमलते. तुझ्या ताईच्या बीएडच्या पुस्तकांत हाच खेळ परदेशातल्या खाऊच्या डब्याचा होता.

म्हणजे थोरलीला हे जमण्याचं वय झालंय. तिला दुष्टपणानं बोलायचं नव्हतं. तिला आरती म्हणताना मजा येते, मग धाकट्याला का येऊ नये, एवढाच तिचा हिशोब. त्याच्या डब्यात काय आहे ते तिला अजून कुणी उघडून दाखवलेलं नाही. आणि आपण मोठी माणसं वर लेबल चिकटवून मोकळी होतो.

त्याच पुस्तकांत एका डॉक्टर नवरा-बायकोचं काम वाचलं होतं, अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस. न्यूयॉर्कमध्ये 1956 सालापासून त्यांनी 133 मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. सुमारे 40 टक्के मुलं सहज रुळणारी निघाली, 10 टक्के जड जाणारी, 15 टक्के हळूहळू मोकळी होणारी. आणि उरलेली 35 टक्के कुठल्याच खणात बसली नाहीत. मला ही 35 टक्के सगळ्यात आवडतात. इतकी वर्षं पाहणाऱ्यांनीही त्यांना ओढूनताणून कशात कोंबलं नाही. त्यांचं आणखी एक म्हणणं माझ्या मनात बसलं: मूल अवघड की सोपं हे एकट्या मुलाच्या स्वभावावर ठरत नाही, त्याचा आणि घराचा मेळ कसा बसतो त्यावर ठरतं. चाकासमोर तू सोपा होतास, स्टेजवर अवघड. मूल तेच.

हार्वर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जेरोम कॅगन यांनी तर चार महिन्यांची बाळं पाहिली. नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास पुढं आले की साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. त्यातली बरीच पुढं अनोळखी माणसांपुढं बावरणारी झाली, पण सगळी नाही. म्हणजे बी घेऊन लेकरू येतंच, तरी त्याच्या कपाळावर काही कोरलेलं नसतं.

म्हणून तुझ्या ऑफिसातली ती माणसाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी चाचणी (एमबीटीआय) पोरांवर करायचं डोक्यातून काढ. तू कौतुकानं दाखवलीस, मी बघितली. ती एका आई-लेकीनं, कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स यांनी, मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या विचारांवरून तयार केलेली. मोठी माणसंसुद्धा थोड्या आठवड्यांनी पुन्हा ती चाचणी देतात तेव्हा बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. सहा वर्षांच्या पोरीला "तू अमुक प्रकारची" असं सांगितलं, तर ती तशीच वागून दाखवेल. मी तुला घुम्या म्हटलं आणि तू घुम्या होऊन दाखवलंस.

त्यापेक्षा आपल्या भाषेतला "आहे" थोडा कमी कर. "तो लाजाळू आहे" म्हटलं की दार बंद. "तो आधी बघतो, मग येतो" म्हटलं की थोरलीला त्यात करायला काही सापडतं: वाट बघता येते, जागा ठेवता येते. "ती आगाऊ आहे" याऐवजी "तिच्या मनात आलं की लगेच तोंडावर येतं." हे पाहुण्यांसमोर म्हण, पोरांच्या कानावर पडेल असं म्हण. सूनबाईलाही सांग, पण वाद घालून नको. तिच्या माहेरी सगळेच मोठ्यानं बोलणारे, तिला धाकट्याची खरंच काळजी वाटते.

आता निघायच्या आदल्या रात्रीचं सांगते. तू बॅगा भरत होतास. लाइट गेली होती, दोघं माझ्या दोन्ही कुशींत. मी म्हटलं, आज प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या. गणपतीत सोपं काय गेलं आणि जड काय गेलं. थोरली म्हणाली, आरती सोपी. नैवेद्य होईपर्यंत गप्प बसणं फार जड. आजोबा म्हणाले, राखण सोपी, ढोल जड. धाकटा बराच वेळ बोलला नाही. थोरली तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या हातावर हात ठेवला. थांबलो आम्ही. मग अंधारातून आवाज आला, "दूर्वा." त्यानं एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधल्या होत्या, पाच दिवस, एकट्यानं, पत्री ठेवतो त्या कोपऱ्यात. एकही जुडी कमी-जास्त नव्हती. आणि जड काय? "सगळे माझ्याकडं बघतात ते."

थोरली उठून बसली. तिला ते माहीतच नव्हतं. म्हणाली, "पण मला तर सगळे बघतात तेच आवडतं." मी म्हटलं, "हो गे. तुला ते आवडतं, त्याला दूर्वा मोजायला आवडतं. गणपतीला दोन्ही लागतं." मग तिनं विचारलं, "मी त्याला कसं बोलवू मग?" मी तिला मुक्ताईची गोष्ट सांगितली. भाऊ ताटी लावून आत बसला, तेव्हा धाकट्या बहिणीनं ताटी तोडली नाही, ओढूनही आणलं नाही. बाहेर उभी राहून बोलत राहिली. थोरलीनं लगेच विचारलं, "किती वेळ?" मला उत्तर सुचलं नाही.

हा खेळ घरी रोज जेवताना खेळा. सोपं काय, जड काय. तुम्ही दोघांनीही खरं सांगायचं. पोरांना दुसऱ्याचा स्वभाव समजावा असं वाटत असेल तर आधी स्वतःचा सांगता यायला हवा. थोरलीलाही जड जातं. गप्प बसणं, हरणं, नव्या सदऱ्याची टोचणारी शिवण. तिचं कुणी विचारत नाही, कारण ती खणखणीत आहे. धाकट्याला जपताना तिला "हळू बोल, हळू बोल" करून विझवू नकोस. अंगणवाडीत पाय घसरून एक मूल विहिरीच्या काठाशी पडलं होतं, तेव्हा गाव जमेल अशी ओरडली ती अशीच एक पोर होती. खांबाजवळची चटई जशी लागते, तशी ती हाकही लागते.

एक मात्र पक्कं ठेव. धाकट्याला राग आला की तो चावतो, हे मी दोनदा पाहिलं. तिथं "स्वभाव आहे त्याचा" म्हणायचं नाही. राग येऊ दे, चावायचं नाही. थोरलीला मनात येईल ते येऊ दे, चारचौघांत भावाला भित्रा म्हणायचं नाही. स्वभावाला औषध नाही असं आपण म्हणतो खरं, पण औषध रोगाला लागतं. स्वभाव रोग नव्हे. वागणं मात्र शिकवावं लागतं, दोघांनाही.

तुला एक मागणं आहे. थोरलीला कुंभारवाड्याची गोष्ट तू सांग. मी सांगितली असती, पण ती तुझी आहे. आपला बाबा स्टेजवर गप्प उभा राहिला होता, आठवडाभर नुसता चाक बघत बसला होता, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. धाकटा जवळपास असेल तर असू दे. तो ऐकतोय असं दाखवणार नाही.

अक्कांचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर चिरमुरे, तांदूळ आणि वाकडी पणती पाठवतेय, जुन्या लुगड्यात गुंडाळून. कुंद्याचे दोन डबे आहेत. दोरा बांधलेल्या डब्यात कुंदा आहे. दुसऱ्यात माझ्या गुंड्या. तो आधी धाकट्याच्या हातात दे, उघडायला लाव, मग झाकण लावून विचार, ताई बघेल तेव्हा काय म्हणेल. पुढच्या महिन्यात तो चारचा होतोय. काय म्हणाला ते मला लगेच कळव. आणि उत्तराला वेळ लागला तर थांब.

तुझी,
आई