रेकॉर्डची दुसरी बाजूही ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचक आपापले सर्वांत आवडते अल्बम कळवत आहेत आणि त्यांच्या मतांवरून पहिले दहा ठरणार आहेत, ते मी न चुकता वाचतो. वाचायला मजा येते. पण मागच्या खेपेला एकाने अल्बमचं नाव दिलं आणि पुढे लिहिलं, ‘यातलं तिसरं गाणं मी रोज ऐकतो.’ बाकीच्या गाण्यांबद्दल अक्षर नाही. त्याच्या खालच्या दोघांचंही तेच. रागावू नका, पण आपण छापता ती यादी अल्बमांची नव्हे, सुट्या गाण्यांची आहे.

मी गोव्यातल्या म्हार्दोळचा. लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा माझा धंदा. आता मुलगा बघतो, त्याचं सगळं मोबाईलमध्ये असतं. माझ्याकडे रेकॉर्डी वाजवायचा एक चेंजर, एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. जत्रा, भजनी सप्ताह, चवथ, लग्न, मुंज, आणि जत्रेच्या नाटकाचा पडदा वर जाईपर्यंतचा तास, जो कधीच तासाचा नसे. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं चालते, तेवढ्यात चहा पिऊन यायचं. सुई उचलून मधलंच गाणं लावायची चैन आम्हाला कुठली? शिवाय घाईत सुई घसरली की तो खरखराट कर्ण्यातून गावभर. त्यामुळे मी अल्बम ऐकले ते पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, नावडत्या गाण्यांसकट. आणि लोक कुठल्या रेकॉर्डला ‘बदल मरे ती!’ म्हणत धावून येतात आणि कुठल्या रेकॉर्डला नाही, हे मला तोंडपाठ झालं. अल्बम पारखायची माझी रीत एवढीच आहे.

क्रम म्हणजे काय ते मला रामनवमीने शिकवलं. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललं, ५६ गीतं, ही माहिती सगळ्यांनाच असते. पण त्यातलं रामजन्माचं गीत सहावं आहे, हे माझ्यासारख्यालाच पाठ असतं. का, तर ते बरोबर बाराच्या ठोक्याला सुरू झालं पाहिजे! पाळण्याची दोरी हातात घेऊन बायका उभ्या, भटजी माझ्याकडे बघतायत, आणि बाबूजींचा आवाज अजून दशरथाच्या पायसापाशीच, असं होऊन चालत नसे. म्हणून सव्वाअकराच्या सुमारास पहिलं गीत लावायचं आणि मग घड्याळावर नजर. थेट सहावंच का लावत नाहीस, असं एका ट्रस्टीने विचारलं होतं. लावता आलं असतं. पण आधी शरयूकाठची ती सुखी अयोध्या, मग कौसल्येचं झुरणं, दशरथाचं समजावणं, यज्ञातलं पायस, एवढं सगळं कानावरून गेल्यावर जन्माचं गीत जे चढतं, ते नुसतं लावून चढत नाही. गदिमा आणि फडके यांनी तो जिना पायरीपायरीने बांधलाय. मधूनच उडी मारणाऱ्याला वरचा मजला दिसतो, चढण कळत नाही.

कोंकणी गाणी गाणाऱ्या लोर्नाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्या आणि संगीतकार क्रिस पेरीच्या रेकॉर्डींना माझी शिफारस लागत नाही. लग्नात ती लावली नाही तर पैसे मागताना जीभ अडखळायची. पण तिथेही लोक दोनच गाण्यांवर नाचत आणि पुन्हा तीच लाव म्हणत.

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री या रागांची एलपी मात्र सुटं गाणं मागूच देत नाही. एका बाजूला पुरा भूप, दुसऱ्या बाजूला पुरी बागेश्री. दिवेलागणीला भूप लावायचा, जेवणं उरकल्यावर बागेश्री. आजकाल या रेकॉर्डमधली द्रुत, म्हणजे जलद लयीची चीज तेवढी कापून मोबाईलवर फिरते. आधीच्या संथ विलंबिताशिवाय ती ऐकणं मला तरी जमत नाही.

आपल्या एका वाचकाने खंत केली आहे की या याद्यांत केसरबाई केरकर कुठेच नाहीत. खंत रास्त आहे, पण उत्तर सोपं आहे. गोव्यातल्या केरीच्या या गायिका एकेक राग तास तास मांडणाऱ्या, आणि त्यांच्या रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्याला अल्बम कसं म्हणणार? तरीही त्या एका अल्बममध्ये आहेत, आणि तो पार अंतराळात गेलाय. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजरची दोन यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. जगभरच्या संगीताचे २७ तुकडे, सुरुवातीला बाख, शेवटी बेटहोवन. त्यात केसरबाईंची भैरवी २५वी, चीनच्या तंतुवाद्यानंतर. मैफल भैरवीने संपवायची आपली रीत निवडणाऱ्यांना ठाऊक होती की नाही कोण जाणे, पण भैरवी शेवटाकडेच आली! दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. त्या तबकडीचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे आहे. जुन्या चेंजरवर ७८, ४५, ३३ यांच्या शेजारी १६चा आकडा असायचा, आणि तो कशासाठी ठेवलाय असं आम्ही एकमेकांना विचारायचो.

आता माझं मत. यादीत धरायचंच असेल तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लिहा, १९६७. रेकॉर्ड एचएमव्हीची, तिच्यामागे भावगीतं गाणारे आपले जी. एन. जोशी. काश्मीरातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, शब्द एकही नाही. पहाटे राग अहिरभैरव, मग नटभैरव, पिलू; रेकॉर्ड उलटली की भूप, देस आणि शेवटी पहाडी. ही मी देवळात वाजवली, कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताला वाजवली, दोन्हीकडच्या लग्नांत जेवणाच्या पंगतीला वाजवली. कोणी धावत आलं नाही. उलट एकदा नाटकाआधी रेकॉर्ड संपायच्या आत पडदा वर जाऊ लागला, तेव्हा पुढच्या रांगेतले म्हातारे म्हणाले, थांबा, एवढं होऊ दे. नाटकवाले चिडले, पण थांबले.

ही रेकॉर्ड आपल्या यादीत एका वाचकाने दिलीच आहे. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काब्रा, असं सगळं लिहिलंय. तबला कोणाचा ते नाही. तबला माणिकराव पोपटकरांचा. दोन्ही बाजू त्यांनी सांभाळल्यात, गिटारच्या मींडेखाली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याखाली, ठेका कसा दबून राहतो ते कान देऊन ऐका.

तेव्हा दोन विनंत्या. पहिल्या दहांचा निकाल लावण्यासाठी मतं मोजू नका, पहाटेच्या रेकॉर्डची रात्रीच्या रेकॉर्डशी शर्यत लावून काय मिळणार? आणि वाचकांकडून अल्बमच्या नावाबरोबर तीन गोष्टी मागवा: कुठल्या वेळी ऐकता, साथीला कोण आहे, आणि दुसऱ्या बाजूवर काय आहे. तिसऱ्याचं उत्तर न देणाऱ्यांची पत्रं मागे पडली तरी चालतील.

आपला,
एक जुना लाऊडस्पीकरवाला
म्हार्दोळ, फोंडा