थोरल्या भावाला काय सांगायचं?

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. ट्रकवर असणारा तुझा पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह, घरी बायकोला पत्ता नाही, आणि थोरला भाऊ रोज दवाखान्यात येऊन "बिल मी भरतोय, मला कळलं पाहिजे" म्हणतो. रात्री झोप आली नाही मला. कारण अशाच एका थोरल्या भावाला मी एकदा सांगून बसलो होतो.

तुला हे कधी बोललो नाही. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष होतं. एक गवंडीकाम करणारा पोरगा तापाने आला होता. रिपोर्ट आला तेव्हा भाऊ काउंटरवर पैसे मोजत उभा होता. त्याने हात पुढे केला, मी कागद दिला आणि अर्थही सांगितला. घरचा माणूस म्हटल्यावर दुसरा विचारच मनात आला नाही. आठ दिवसांत गावभर झालं. पोराचं अंथरूण गोठ्यात गेलं, जर्मनची एक ताटली वेगळी निघाली. तो एकदाच आला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "डॉक्टर, मी तुमच्याकडं आलो होतो, दादा नव्हता आला," एवढं म्हणाला. पुन्हा औषधाला आला नाही.

म्हणून सांगतो, भावाला नाही म्हण. नातं कितीही जवळचं असो, बिल कुणीही भरो. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पेशंटच्या लेखी संमतीशिवाय त्याची माहिती कुणाला द्यायची नाही, हे त्यात स्पष्ट आहे. अपवाद अगदी मोजके आहेत, आणि "भाऊ" त्यात बसत नाही.

बायकोचं वेगळं आहे. तिला लागण होण्याचा खरा धोका आहे, त्यामुळे तुझ्यापुढे एक वाट आहे, पण पायरीपायरीने जायचं. आधी पेशंटला समुपदेशन करून त्यानेच तिला सांगावं म्हणून प्रयत्न कर. तो सांगणारच नाही अशी तुझी खात्री झाली, तर "आता मी सांगणार आहे" हे त्याला आधी सांग. मग तिला समोर बसवून, तिचंही समुपदेशन करून सांग. फोनवर नाही, चिठ्ठीने नाही, सिस्टरकरवी तर मुळीच नाही. हे काम डॉक्टरने किंवा समुपदेशकानेच करायचं. उलट पेशंट बाई असेल आणि नवऱ्याला कळलं तर मारहाण होईल किंवा तिला घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगायचं नाही, असंही कायदाच म्हणतो. हे कलम लिहिणाऱ्याने आपली घरं पाहिली असणार, असं मला दर वेळी वाटतं.

१९९८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुला कुणीतरी दाखवेलच. होणाऱ्या वधूला धोका असताना माहिती उघड झाली तर तो गोपनीयतेचा भंग नाही, असं त्यात म्हटलं होतं. पण त्याच निकालात पेशंटच्या लग्नाच्या हक्काविषयी जे म्हटलं होतं, ते कोर्टाने २००२ मध्ये अनावश्यक ठरवलं. तेव्हा जुन्या निकालावर विसंबू नकोस, २०१७ चा कायदाच हाताशी ठेव.

पोलिसांनी विचारलं, तोंडी किंवा लेखी, तर कोर्टाचा आदेश मागून घे. कोर्टात मात्र न्यायाधीशांनी आदेश दिला की सांगावं लागतं. वकिलाला त्याच्या अशिलाच्या बाबतीत जे संरक्षण आहे, ते आपल्याला नाही.

आणि तुझा केसपेपर बघ रे. कोपऱ्यात लाल शाईने काही लिहिलंय का? माझ्याकडे लिहायचे. वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना त्या शाईचा अर्थ ठाऊक असायचा. मी ते बंद केलं, रिपोर्ट बंद पाकिटात आणि फक्त पेशंटच्याच हातात. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला स्टाफला सक्त मनाई आहे.

सोमवारी त्याला एकट्याला बोलाव, ओपीडी संपल्यावर. भावाला बाहेर बसव, दार लाव. बायकोला सांगणं त्याला जमत नसेल तर आमच्या एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या) समुपदेशक बाईंशी त्याचं बोलणं करून देतो. फार शांतपणे बोलतात त्या. रात्री उशिरा का होईना, फोन कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिलीप