थरथर काढून देणाऱ्या आप्पांना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

दुकानात येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "बस, चहा सांगतो" म्हणून विषयच मोडून काढता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. नात वाचून दाखवेल तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

अमळनेर तालुक्यात जळालेली पाण्याची मोटार भरून द्यायची तर लोक तुमच्याकडे येतात. रिमोटचं हेलिकॉप्टर मात्र तुम्ही त्याआधी कधी हातात धरलं नव्हतं. मी खोकं काउंटरवर ठेवलं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही एवढंच विचारलंत, "हाई काय शे?" खोक्यावर 'उडवण्यास तयार' असं छापलेलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि स्क्रू ड्रायव्हर मागितलात.

मोटारीतून निघालेल्या तीन वायरी दिसल्या आणि तुम्ही खुललात. थ्री फेज! ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, विहिरीवरच्या पंपाला करतो तसंच. मला हे वाचून माहीत होतं, तुम्हाला हातानं. मग त्यातल्या दोन वायरी तुम्ही सोडवूनच ठेवल्या. पाती फिरण्याची सोयच उरली नाही, तेव्हा कुठे मला रिमोट चालू करू दिलात. बिलबुकाच्या पाठीमागे मांडलेला हिशोब माझ्याकडे अजून आहे: पात्यांचं वर्तुळ ७० सेंटिमीटर, परीघ सुमारे २.२ मीटर, मिनिटाला २५०० फेरे. म्हणजे पात्याचं टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे पळतं. तो आकडा पाहून माझ्या घरच्यांनी खळ्यावर कुणी कुठे उभं राहायचं याची रेघच आखून दिली.

पात्यांखालच्या चकतीचं, म्हणजे स्वॉशप्लेटचं काम मी सांगत गेलो आणि तुम्ही करत गेलात. ही चकती वरखाली झाली की दोन्ही पात्यांचा कोन एकदम बदलतो आणि यंत्र चढतं-उतरतं. चकती कलली की यंत्र त्या बाजूला सरकतं. चकती हलवणाऱ्या छोट्या मोटारींचे, म्हणजे सर्व्होंचे, हात काटकोनात, त्यांना चकतीशी जोडणाऱ्या तिन्ही दांड्या सारख्या लांबीच्या, रिमोटची स्टिक मध्यावर असताना पात्यांचा कोन शून्य. यंत्र वळलेलं ओळखून शेपटी सावरणाऱ्या जायरोची परीक्षाही तिथेच झाली. नाक हातानं डावीकडे वळवलं तर शेपटीच्या पंख्यानं ते परत उजवीकडे ढकलायला हवं. हे उलटं असतं तर जमीन सुटताच यंत्र गरागरा फिरलं असतं. धातूत धातू जाणारा प्रत्येक स्क्रू काढून निळं लॉकटाइट, म्हणजे हादऱ्यानं स्क्रू सुटू न देणारा गोंद, लावून पुन्हा बसवलात. कारखान्यातून तो थेंबही पडला नव्हता.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. पहिल्यांदा पाती फिरवली तेव्हा अख्खं यंत्र थरथरत होतं आणि शेपटी डावी-उजवी मारत होती. मी जायरोची संवेदनशीलता कमी करायला निघालो होतो, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. तुम्ही सांगाड्यावर बोट टेकवून डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आधी येनी थरथर काढ भाऊ, मंग उडाव." जायरो बिचारा काय करणार, त्याला हादरा आणि वळण यातला फरक कळेनासा झाला होता. तुम्ही दोन्ही पाती बुडाशी एकाच बोल्टनं जोडून दोऱ्यावर तोलली. हलक्या पात्याच्या टोकाला चिकटपट्टी, मग आणखी जराशी, मग कात्रीनं कणभर कमी. त्यानंतर एका पात्याला लाल आणि दुसऱ्याला पिवळी पट्टी लावून पाती फिरवली आणि लांब उभं राहून डोळ्यांच्या पातळीवरून पाहिलं. फिरत्या पात्यांच्या एकाऐवजी दोन चकत्या दिसत होत्या, लाल वर. लाल पात्याचा कोन ठरवणारी दांडी अर्धा आटा फिरवली आणि दोन्ही चकत्या एक झाल्या. शेपटी आपोआप गप्प. जायरोला कुणी हातही लावला नाही. पंपाचा रोटर तोलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सुचलं. मला सुचलं नसतं, आणि ज्यांनी मला सल्ले दिले त्यांनाही नाही.

उडवायला शिकणं हा वेगळाच छळ. बांबूच्या कामट्या फुलीत बांधून टोकांना प्लास्टिकचे चेंडू लावलेत, त्या पायांमुळे पाती जमिनीला लागायची वाचली. नवशिक्याला वाटतं, खाली खाली उडवावं. पण जमिनीजवळ पात्यांचाच वारा आपटून परत येतो आणि यंत्र परातीतल्या गोटीसारखं घरंगळतं. डोळ्यांच्या उंचीला नेलं की शहाणं होतं. स्टिक दिली की ते सरकतं, सोडली तरी सरकतच राहतं, थांबवायला उलटी द्यावी लागते. हे बोटांत उतरायला फार दिवस गेले. तरंगताना ते किंचित उजवीकडे कललेलं असतं, तेव्हा तुम्ही पुन्हा स्वॉशप्लेट तपासायला निघाला होतात, आठवतं? ती चूक नव्हे. शेपटीचा पंखा यंत्राला डावीकडे ढकलतो, त्याची ती भरपाई.

नाक आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटतं, ते अजून पक्कं बसलेलं नाही. जी बाजू खाली झुकेल तिकडे स्टिक द्यायची, एवढं धरून चालतो. आणि मोटार बंद करणाऱ्या बटणाला तुम्ही लाल ऑइलपेंट लावून दिलात, त्यानं गियर किती वेळा वाचवले ते मोजलेलं नाही. पडतंय असं दिसलं की अंगठा आधी तिकडेच जातो.

वैशाखात पारा ४४ ला टेकतो तेव्हा तापलेली हवा विरळ होते, यंत्र जड वाटतं, आणि दहानंतर वावटळी उठतात. म्हणून फक्त सकाळी. बॅटरी पत्र्याच्या शेडात ठेवायची नाही, चार्जिंग फरशीवर आणि कुणीतरी समोर बसून, उडवायचं नसेल तर दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायची. ही पाटी आता आमच्या घरात भिंतीवर आहे.

एक काम आहे. धरणगावच्या एका पोरानं असंच खोकं माळ्यावर टाकून दिलंय, थरथरतं म्हणून. रविवारी त्याला घेऊन येतो. पैसे तुम्ही घेणार नाही हे त्याला सांगितलंय, पण तो ऐकणार नाही, तेव्हा नातीसाठी काहीतरी घेऊन येईल, तेवढं घ्या. पात्यांचा कोन मोजायचं पिच गेज माझ्याकडेच राहिलंय, तेही आणतो. काकूंना कळण्याच्या भाकरीचं सांगून ठेवा, आम्ही दोघं आहोत.

तुमचाच,
खळ्यावरचा भाचा