टाकी कोरडी, काटा पाव टाकीवर : चुकीच्या दुरुस्तीबाबत तक्रार

दि. 18 ऑगस्ट 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : डिझेलच्या काट्यातील बिघाडाची तपासणी न करता मीटर बदलल्याबद्दल

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची 2011 सालची डिझेल पिकअप आहे. ओतूर भागातला टोमॅटो आणि कांदा मी तिच्यातून वाशीच्या बाजारात पोचवतो. गाडी मी स्वतःच चालवतो, घर तिच्यावरच चालतं. तेरा वर्षांत तिने मला कधी रस्त्यावर सोडलं नव्हतं, म्हणूनच सर्व्हिसिंगही मी बाहेर न करता आपल्या अधिकृत सेंटरमध्येच करत आलो.

12 मार्चला डिझेल फिल्टर वारंवार चोंदतो म्हणून सेंटरने टाकी उतरवून धुतली. तोवर काटा बिनचूक होता. एप्रिलमध्ये घरापासून दोन किलोमीटरवर गाडी बंद पडली. काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकीत थेंबही नव्हता. तक्रार केल्यावर 6 मे रोजी सेंटरने डॅशबोर्डवरचं संपूर्ण मीटर (डिझेलचा काटा आणि किलोमीटरची नोंद दोन्ही त्यातच) बदललं, मजुरीसह 7,850 रुपये घेतले आणि "आता निर्धास्त राहा" असं सांगितलं. मी निर्धास्त राहिलो. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

19 जुलैच्या रात्री एकच्या सुमारास माळशेज घाट उतरत होतो. मागे टोमॅटोची कॅरेट, शेजारी माझा मुलगा, बाहेर धुकं आणि पाऊस. काटा पाव टाकीवर होता. साठ लिटरच्या टाकीत पाव म्हणजे 15 लिटर, भरलेल्या गाडीत दीडशे किलोमीटर. मुरबाडपर्यंत जायला ते भरपूर होतं. पण उतारावर गाडीचं नाक खाली झालं, तळाशी उरलेलं थोडंसं डिझेल पुढे सरकलं आणि इंजिन बंद झालं. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते, हे आपल्याला मी सांगायला नको. दोन्ही पाय ब्रेकवर दाबून, हँडब्रेक ओढून मी गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. मुलाने उतरून चाकाला दगड लावला. दरीच्या बाजूचं वळण तिथून पन्नास पावलांवर होतं. डिझेल संपल्याचा लाल दिवा शेवटपर्यंत लागला नाही, कारण काट्याप्रमाणे तोही टाकीत डिझेलवर तरंगणाऱ्या त्याच फ्लोटच्या भरवशावर आहे.

सकाळी एका टेम्पोवाल्याने डिझेल आणून दिलं. लाईनमध्ये एअर धरली होती, ती हातपंपाने काढून गाडी चालू करेपर्यंत नऊ वाजले. बाजार हुकला आणि माल पडत्या भावाने गेला.

यानंतर सेंटरमध्ये गेलो, तेव्हा मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहितो : "जुनी गाडी आहे, असं होतंच. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका."

मग आळेफाट्याच्या एका वायरमनकडे गेलो. त्याने आधी टाकीवरच्या युनिटची, म्हणजे फ्लोटची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची, वायर काढली. काटा सरळ शून्यावर आला. तीच वायर क्षणभर चासीला टेकवली, तर काटा फुल्लवर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायरिंगही ठीक. या तपासणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. नंतर टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर डिझेल ओतत गेलो. शून्यापासून पंधरा लिटरपर्यंत काटा पावावरून हलला नाही, त्यापुढे मात्र बरोबर चढला. युनिट बाहेर काढून फ्लोटची दांडी हाताने वरखाली केली, तर मल्टिमीटरवर ओहमचा (विजेच्या रोधाचा) आकडा कुठेही न अडता पूर्ण पल्ला फिरला. बाहेर नीट चालणारं युनिट टाकीत का अडतं, ते पाहताच कळलं. फ्लोटची दांडी बाजूला वाकलेली होती आणि टाकीतल्या आडव्या पत्र्यावर ती घासल्याची चकचकीत खूण होती. खाली येताना ती पाव टाकीच्या पातळीवर त्या पत्र्यावर अडकून बसत होती.

मार्चपासून वायरमनकडे जाईपर्यंत त्या टाकीला आपल्या सेंटरखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता. वायरमनने दांडी सरळ करून युनिट परत बसवलं, 450 रुपये घेतले. आता टाकी रिकामी झाली की काटा रिकामा दाखवतो आणि लाल दिवाही लागतो.

मीटरचे पैसे गेले, त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. जुन्या मीटरवर 2,41,000 किलोमीटरची नोंद होती. नव्या मीटरने शून्यापासून मोजायला सुरुवात केली आहे. जुनं मीटर मला परत दिलं नाही आणि बिलावर किलोमीटरचा आकडाही लिहिलेला नाही. उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा मलाच लबाड समजेल. तेरा वर्षं प्रामाणिकपणे धंदा केलेल्या माणसाला हे सोसवत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की मीटरचे 7,850 आणि वायरमनचे 450 रुपये परत मिळावेत, आणि 19 जुलैच्या मालाच्या नुकसानीचा विचार व्हावा. हिशेबपट्टी जोडली आहे. जुनं मीटर किंवा त्यावरच्या किलोमीटरचं कंपनीच्या शिक्क्यानिशी लेखी पत्र मला द्यावं. आणि वायर काढून, चासीला टेकवून पाहिल्याशिवाय यापुढे कोणत्याही सेंटरने कुणाही गिऱ्हाइकाला मीटर विकू नये, अशी लेखी सूचना काढावी. या शेवटच्या मागणीवर मी पैशांइतकाच अडून आहे, कारण या घाटातून रोज रात्री माझ्यासारखे कितीतरी पिकअपवाले उतरतात.

"गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं उत्तर कृपया देऊ नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकच ठरतो. तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दोन्ही बिलं, पाच-पाच लिटरच्या चाचणीचे फोटो आणि वाकलेल्या दांडीचा फोटो सोबत आहेत.

आपला,
पिकअपमालक व चालक
ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे